‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात सावत्र मुलाने काय लिहावे?

दवाखान्यात रुग्णाला दाखल करताना जो छापील फॉर्म भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो : ‘रुग्णाशी नाते’. मुलगा, मुलगी, पती, पत्नी असे लिहिणाऱ्याचा हात तिथे अडत नाही. पण खाटेवरचा माणूस आपल्या आईचा दुसरा पती असेल, किंवा अम्मीच्या इंतकालनंतर अब्बांनी निकाह करून आणलेली छोटी अम्मी असेल, तर लिहिणारा क्षणभर थांबतो. ‘मुलगा’ लिहावे तर उद्या कोणी म्हणेल, खोटे लिहिले. ‘सावत्र मुलगा’ लिहावे तर खिडकीपलीकडचा माणूस लगेच विचारतो, ‘सख्खे कोणी नाही का?’

मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहून हवा असला की लोक शाळेतल्या शिक्षकाकडे येतात. त्यामुळे हा प्रश्न आमच्यापर्यंत अनेकदा आला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात सहसा तीन गोष्टी असतात. उपचाराचा निर्णय आम्ही घेऊ शकतो का? खर्चाचा भार कोणाचा? आणि सेवा करताना मिळकतीसाठी करतो असा आरोप आला तर काय करायचे? आपल्या समाजात विधवा व तलाकपीडित स्त्रियांचे पुनर्विवाह होतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यातून सावत्र नाती तयार होतात, मुले त्या घरात वाढतात आणि तीस वर्षांनी तीच मुले म्हातारपणाची काठी होतात. म्हणून या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवीत.

चार दिवस वाया गेले

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या आईचा दुसरा निकाह झाला. नव्या अब्बूंनी तिला शिकवले, तिचे लग्न लावून दिले. त्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा आखाती देशात नोकरीला. पुढे आई वारली आणि मधुमेहाने खंगलेल्या अब्बूंची देखभाल ही मुलगी व तिचा पती करू लागले. एके दिवशी अब्बूंच्या पायाची दोन बोटे काळी पडली. डॉक्टरांनी सांगितले, बोटे काढावी लागतील, उशीर केला तर पाय जाईल.

संमतीपत्रावर सही करायला मुलगी पुढे झाली, तर दवाखान्यातील कर्मचारी म्हणाले, ‘तुम्ही सावत्र. सख्ख्या मुलाला बोलवा.’ मुलाला रजा मिळेना. फोनवरून तो म्हणाला, ‘मी आल्याशिवाय काही करू नका.’ मुलगी इकडे रडत बसली. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी वरिष्ठ डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरळ अब्बूंनाच विचारले, ‘चाचा, तुम्हाला काय वाटते?’ अब्बू पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि स्वतः सही केली. शस्त्रक्रिया झाली. पण चार दिवसांत विष वर चढले होते. दोन बोटांऐवजी पाऊल गेले.

या हकीकतीत सही कोणाची, मुलीची की मुलाची, यावर सगळे भांडले. जो माणूस खाटेवर जागा होता, त्याला मात्र चार दिवस कोणी विचारले नाही.

जोवर रुग्ण बोलतो, तोवर निर्णय त्याचाच

कायद्याचे पहिले तत्त्व हेच आहे. अठरा वर्षांवरील, शुद्धीत असलेल्या आणि समजून घेण्याची कुवत असलेल्या माणसाच्या उपचाराला त्याची स्वतःची संमती लागते. दुसऱ्याची संमती तिथे चालत नाही, मग तो सख्खा असो की सावत्र. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात ४४ वर्षांची एक स्त्री तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. तेवढ्यात डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान व सक्षम असताना आणि जिवाला तातडीचा धोका नसताना आईची संमती ही संमतीच नव्हे. तिथे तर जन्मदाती आई होती!

म्हणजे परदेशातल्या सख्ख्या मुलाला जो अधिकार नाही, तो हिरावला म्हणून सावत्र मुलीने रडण्याचे कारण नाही. तिने एवढेच म्हणायचे : ‘अब्बू शुद्धीत आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा आणि त्यांची सही घ्या. सही करता येत नसेल तर अंगठा घ्या.’

इथे सावत्र मुलाचे खरे काम सुरू होते. वयस्क माणसे डॉक्टरांपुढे बुजतात. दख्खनी उर्दू बोलणाऱ्या छोट्या अम्मीला वैद्यकीय मराठी किंवा इंग्रजी समजत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या बोलीत सांगणे, आजार काय, उपाय कोणते, धोका किती, काही न केल्यास काय होईल, हे चार प्रश्न तिच्या वतीने विचारणे आणि ती विचार करीत असताना घाई करणाऱ्यांना थोपवणे, या मदतीसाठी रक्ताचे नाते लागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याचा निर्णयही शुद्धीत असलेल्या रुग्णाचाच असतो. फोनवरून ‘घेऊन जा’ म्हणणाऱ्या भावाचा तो नसतो.

कागदपत्रांचाही हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सोबत्याने मागणी केल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. नियमात ‘अधिकार दिलेला सोबती’ असे शब्द आहेत. हा अधिकार रुग्ण देतो. तो कसा द्यायचा हे पुढे सांगत आहोत.

शुद्ध हरपली तर?

खरा पेच इथे आहे. रुग्ण बेशुद्ध आहे, अपघात झाला आहे किंवा मेंदूत रक्तस्राव झाला आहे. जीव वाचवण्यासाठी ताबडतोब उपचार करणे गरजेचे असेल, तर डॉक्टरांना कुणाच्याही सहीसाठी थांबण्याची सक्ती नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० प्रमाणे, संमती मिळणे अशक्य असताना रुग्णाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेत हेच कलम ९२ होते. तेव्हा ‘सख्खा आल्याशिवाय हात लावणार नाही’ असे तातडीच्या वेळी कोणी म्हणाले, तर शांतपणे पण ठामपणे डॉक्टरांशीच बोलावे.

तातडी नसेल आणि रुग्ण बोलूही शकत नसेल, तेव्हा दवाखाने ‘जवळच्या नातेवाइकाची’ सही घेतात. सामान्य उपचारांसाठी हा नातेवाईक कोण, पहिला कोण आणि दुसरा कोण, अशी क्रमवार यादी आपल्याकडच्या कायद्यात दिलेली नाही. चालत आलेल्या प्रथेवर काम चालते आणि प्रथेत सावत्र नाते मागे पडते. म्हणून रुग्णाने शुद्धीत असतानाच आपले म्हणणे लिहून ठेवणे, हाच यावरचा सर्वांत साधा उपाय.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि ती कर्जाचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदार नेमण्याविषयी आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. उद्याच्या भांडणातून सर्वांना वाचवणे, हा त्यामागचा हेतू असतो.

एक साधा कागद

आजारी सावत्र आई-वडिलांनी पुढीलसारखा मजकूर साध्या कागदावर, आपल्या भाषेत लिहून द्यावा. उर्दूत लिहिला तर सोबत मराठी तर्जुमा जोडावा.

‘मी, (नाव), वय (…), राहणार (…), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की, माझ्या आजारपणात डॉक्टरांशी बोलणे, माझे तपासणी अहवाल व उपचाराची कागदपत्रे घेणे आणि दवाखान्याचे व्यवहार पाहणे यासाठी मी (नाव), माझ्या पतीचा मुलगा, याला अधिकार देत आहे. मी बोलू शकते तोवर उपचाराचा निर्णय माझा राहील. मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा डॉक्टरांनी याच्याशी विचारविनिमय करावा. माझी इच्छा याला ठाऊक आहे. या कागदामुळे माझ्या मिळकतीत याला कोणताही हक्क मिळत नाही.’

खाली तारीख, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांपैकी एक जण रुग्णाच्या माहेरचा किंवा रक्ताच्या नात्यातला असेल तर उत्तम. दुसरा घराबाहेरचा, मशिदीचे इमाम साहेब, शेजारी किंवा नेहमीचे डॉक्टर. शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. संशयाचा काटा तिथेच निघतो.

या कागदाने सारे अधिकार मिळतात असे मात्र समजू नये. तो रुग्णाच्या इच्छेचा पुरावा आहे. ‘तुमचा काय संबंध?’ या प्रश्नाला तो रुग्णाच्या हातचे उत्तर आहे, आणि डॉक्टरांना माहिती देण्यासाठी आधारही आहे.

याहून वेगळे आणि अधिक वजनाचे दुसरे लेखन आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा उरली नाही तर केवळ यंत्रांवर ठेवू नये किंवा अमुक उपचार करू नये, असे सज्ञान माणूस यात लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक पालकांची किंवा निकटच्या नातेवाइकांची नावे त्यात द्यायची असतात. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे लागते. त्याची एक प्रत ज्यांची नावे दिली त्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. वेळ आल्यावरही नातेवाईक एकटे निर्णय घेत नाहीत. दोन वैद्यकीय मंडळांचे मत घेतले जाते. हे लेखन म्हणजे मृत्यू ओढवून घेणे नव्हे. सुई देऊन जीव घेणे कायद्यालाही मान्य नाही आणि दीनलाही नाही. तरीही विषय नाजूक आहे. ज्यांना असे लिहायचे असेल त्यांनी डॉक्टर आणि जाणकार आलिम दोघांशी बोलूनच लिहावे.

विस्मृतीचा आजार आणि मुखत्यारपत्र

म्हातारपणी अनेकांची स्मृती जाते. माणूस जिवंत, चालता-फिरता, पण कालचे आज आठवत नाही. अशा आजाराच्या उपचारांसाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपयोगी पडतो. त्याच्या कलम १४ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो रक्ताचा असण्याची अट नाही. तो सज्ञान व सक्षम असावा आणि त्याने लेखी होकार द्यावा, एवढे पुरे. कोणालाच नेमले नसेल तर कायदा नातेवाइकाचा आणि त्यानंतर देखभाल करणाऱ्याचा विचार करतो. या कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकविधानाने जोडलेली व्यक्ती. देखभाल करणारा म्हणजे रुग्णासोबत राहून त्याची जबाबदारी घेणारा. सावत्र मुलासाठी ही दोन्ही दारे उघडी आहेत.

अनेकजण वेगळ्याच वाटेने जातात. स्टॅम्प पेपरवर कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि निर्धास्त होतात. मुखत्यारपत्र पैशांच्या व मिळकतीच्या व्यवहारांसाठी उपयोगी आहे, पण करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की ते संपते. मृत्यूनंतरही संपते. म्हणजे ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच दिवशी ते निकामी होते. त्यानंतर घर विकायचे, मुदत ठेव मोडायची तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीची अशी नेमणूक केली होती. ही वाट लांबची आणि खर्चाची आहे. म्हणून पेन्शनचे खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन करणे ही कामे वेळीच उरकावीत. खात्यावर नाव आहे म्हणून पैसा आपला झाला असे मात्र समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारणारी अमानतदार असते. ती वारसांना पोचवणे तिचे कर्तव्य आहे.

रुग्ण शुद्धीत आहे, पण हात चालत नाही, तर बँकेत हेलपाटे घालण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखलेला असला आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला, तर पैसे काढता येतात. शाखा व्यवस्थापकांना तसा लेखी अर्ज द्यावा.

खर्च कोणाचा?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा, २००७ हा धर्मनिरपेक्ष कायदा आहे. तो सर्वांना लागू आहे. त्यात ‘पालक’ या शब्दाची व्याख्या करताना जन्मदाते, दत्तक घेणारे आणि सावत्र वडील व सावत्र आई, असे तिन्ही स्पष्ट लिहिले आहे. पालकाचे वय साठ असलेच पाहिजे अशी अटही नाही. ‘पालनपोषण’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांच्यासोबत औषधोपचारही येतात. स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून गुजराण न होणाऱ्या पालकाला या कायद्याखाली दाद मागता येते.

याचा अर्थ दोन बाजूंनी समजून घ्यावा. अब्बांच्या इंतकालनंतर ‘ती आमची आई नव्हे’ म्हणून छोट्या अम्मीला वाऱ्यावर सोडता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा अर्थ लावताना म्हटले होते की निपुत्रिक सावत्र आई विधवा असेल, किंवा तिचा पती तिला सांभाळण्यास असमर्थ असेल, तर ती सावत्र मुलाकडून पोटगी मागू शकते. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या क्रमांकावर आहे. दुसरी बाजू अशी की सेवा करणाऱ्या सावत्र मुलीने सारा खर्च एकटीने सोसावा असेही नाही. सख्खी मुले कमावती असून हात आखडत असतील, तर पालक त्यांच्याविरुद्ध अर्ज करू शकतात. पालक स्वतः जाऊ शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था तो अर्ज करू शकते. ती व्यक्ती सावत्र मुलगीही असू शकते.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्याला प्रांत ऑफिस म्हणतो तिथल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकील लावण्याची गरज पडू नये अशीच कायद्याची रचना आहे. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस. पोटगीची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये. सांभाळण्याच्या अटीवर आई-वडिलांनी मुलाच्या नावे घर केले आणि मुलाने सांभाळले नाही, तर कलम २३ खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ व्यक्तीला टाकून दिले, तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोर्टकचेरी नको असेल तर आधी १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मदतक्रमांकावर विचारावे. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी तालुका व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा क्रमांक १५१००. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे छोट्या अम्मीच्या बाबतीत विसरू नये.

खर्चाची आणखी एक वाट आहे. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर कुटुंबासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील दवाखान्यांत होतात. इथे मुलगा सख्खा की सावत्र हे कोणी विचारत नाही. आधार कार्डावरचे वय पाहतात. शिधापत्रिकेवर छोट्या अम्मीचे नाव चढवले आहे की नाही, हेही आजच पाहून ठेवावे.

खिदमत वेगळी, मिळकत वेगळी

आता सर्वांत नाजूक मुद्दा. इस्लामी वारसा कायद्यात सावत्र आई-वडील आणि सावत्र मुले एकमेकांचे वारस नाहीत. छोटी अम्मी वारली तर तिची मिळकत तिच्या स्वतःच्या मुलांकडे, भावंडांकडे, रक्ताच्या वारसांकडे जाते. वीस वर्षे सेवा केलेल्या सावत्र मुलाचा त्यात हिस्सा नाही. हे मनाला लागते, पण त्यात एक सोयही आहे. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते आणि तिला वारसांची संमती लागत नाही. छोट्या अम्मीला खुशीने काही द्यायचे असेल तर शरीअतने ही वाट ठेवली आहे.

मात्र वेळ पाहावी. हिबा पूर्ण होण्यासाठी देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि प्रत्यक्ष ताबा, तिन्ही लागतात. ज्या आजारात मृत्यू आला त्या आजारात, म्हणजे मरज-उल-मौतमध्ये, केलेला हिबा वसीयतीसारखाच एक तृतीयांशापुरता चालतो. दवाखान्याच्या खाटेवर, सलाईन लावलेल्या हाताचा अंगठा घेऊन केलेले कागद कोर्टात टिकत नाहीत आणि मोहल्ल्यातही नाव घालवतात. म्हणून सेवा करणाऱ्याने आजारपणाच्या काळात मिळकतीचा कोणताही कागद आपल्या नावाने करून घेऊ नये. एवढी एक शिस्त पाळली की त्याच्या उपचाराच्या सल्ल्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

खर्चाचा हिशेब मात्र ठेवावा. एका वहीत तारीख, औषध, रक्कम. पावत्या एका पिशवीत. जे पैसे आपण खुशीने खर्च केले ते आपली नेकी. जे उसने म्हणून दिले ते लिहून, रुग्णाची सही घेऊन द्यावेत, कारण मय्यतच्या मालमत्तेतून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से असा क्रम आहे. लिहिलेले कर्ज वारसांना नाकारता येत नाही. तसेच छोट्या अम्मीचा मेहर राहिलेला असेल तर तेही अब्बांच्या मालमत्तेवरचे कर्जच आहे. शिवाय अब्बांना मुले असतील तर विधवा म्हणून तिचा आठवा हिस्सा आहे. तिच्या उपचारासाठी पैसा नाही म्हणण्यापूर्वी, तिचा हा हक्क तिला दिला का, हे घरातल्या मुलांनी स्वतःला विचारावे.

दीन या नात्याला काय मानतो?

वारसा नाही म्हणजे नाते नाही, असा अर्थ कोणी काढू नये. सूरह निसाच्या २२ व्या आयतीने वडिलांच्या पत्नीशी निकाह कायमचा हराम केला. २३ व्या आयतीने ज्या पत्नीशी संसार झाला तिच्या आधीच्या मुलीशीही. म्हणजे सावत्र आई मुलाला महरम आहे आणि सावत्र वडील मुलीला. आजारपणात याला फार महत्त्व आहे. दवाखान्यात रात्री सोबत थांबणे, उठवून बसवणे, प्रवासात सोबत नेणे यात पडद्याची अडचण उरत नाही. ‘परक्या बाईजवळ कसा राहणार?’ असे म्हणून जबाबदारी टाळणाऱ्याला शरीअतचा आधार मिळत नाही.

सहीह मुस्लिममध्ये आलेल्या एका हदीसचा आशय असा की वडिलांच्या पश्चात त्यांच्या स्नेह्यांशी नाते जपणे ही मोठी नेकी आहे. स्नेह्यांची ही गोष्ट असेल, तर ज्या स्त्रीने अब्बांचा शेवटचा काळ सांभाळला तिचे काय, हे वेगळे सांगायला नको.

सख्ख्या भावंडांशीही अदबीने वागावे. परदेशात असलेल्या भावाला आठवड्यातून एकदा रुग्णाच्या प्रकृतीची खबर द्यावी, अहवालांचे फोटो पाठवावेत, खर्च सांगावा. अंधारात ठेवलेला माणूस संशय घेतो. डॉक्टरांची महत्त्वाची भेट असेल तेव्हा त्याला फोनवर घ्यावे. पण निर्णय विचारताना आधी खाटेकडे वळावे, मग फोनकडे.

ज्यांच्या घरी सावत्र आई किंवा सावत्र वडील वयस्क झाले आहेत त्यांनी येत्या जुम्याच्या नमाजनंतर एक तास काढावा. सर्वांनी एकत्र बसावे, आजारी पडल्यास तुमची काय इच्छा, असे त्यांनाच विचारावे, वरचा कागद लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, शिधापत्रिका व आधार कार्ड तपासावे आणि सारे एका फाईलमध्ये ठेवून फाईल कुठे आहे ते सर्वांना सांगावे. एक तासाचे काम आहे.

आणि त्या रकान्यात काय लिहायचे? जे खरे आहे तेच : ‘सावत्र मुलगा’, ‘सावत्र मुलगी’. त्यात कमीपणा नाही. सोबत रुग्णाच्या हातचा कागद जोडावा. अल्लाह तआला आपल्या सर्व बुजुर्गांना शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्या हातांना बळ देवो. आमीन.